चौसष्टपैकी तीन

४ सप्टेंबर, सोमवार

ही वही मी घरी नेणार नाही. घरी नेली की ठमी वाचणार, आणि ठमीने वाचलं की हिला कळलंच. तेव्हा वही इथे स्टोअरच्या टेबलाच्या खणात राहील आणि दुपारचा डबा खाऊन झाला की जमेल तसं लिहीन.

तर आम्ही आलो. मी, ही, आणि आमची तेरा वर्षांची ठमी. खाली शहरात दोन खोल्या होत्या, ठमीचं अंथरूण स्वयंपाकघरात पडायचं आणि भाडं भरता भरता नाकी नऊ यायचे. इथे डोंगरावर त्याच्या निम्म्या भाड्यात चार खोल्या, दोन्ही अंगांना खिडक्या, आणि मला रोपवेच्या खालच्या स्टेशनावर स्टोअरकीपरची नोकरी. हे काही असंच आकाशातून पडलेलं नाही. सहा महिने बसून मी तक्ता केला होता. अकरा गावं, सात रकाने: भाडं, नोकरी, शाळा, दवाखाना, पाणी, हवा, रस्ता. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. हे गाव अठ्ठावन्न गुण मिळवून पहिलं आलं. हिला तक्ता दाखवला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही ठरवलंयच ना." म्हणजे होच की.

एवढ्या चांगल्या कामाला एकच गालबोट लागलं. सामानाच्या पेट्या एकसष्ट आल्या. मी चौसष्ट बांधल्या होत्या. प्रत्येक पेटीवर नंबर, कोणत्या नंबरात काय त्याची यादी वेगळी, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी दोनदा मोजणी. बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे, माझी मोजणी आजवर एकदाही चुकलेली नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

यादी लावून बघितली. सतरा, अठरा आणि एक्केचाळीस नाहीत. सतरामध्ये हिची हत्यारं. ही शहरात दातांच्या लॅबमध्ये चौदा वर्षं कवळ्या बनवायची. मेणाच्या सुऱ्या, छोट्या कानशी, पॉलिशचे ब्रश, सगळं तिचं स्वतःचं. अठरामध्ये साचे, मेण आणि दातांच्या पट्ट्या. एक्केचाळीसमध्ये तिची प्रमाणपत्रं, चार चांगले ड्रेस आणि माहेरचे फोटो. योगायोग बघा, गेल्या त्या तिन्ही हिच्याच.

मी यादी पुन्हा वरपासून लावायला घेतली, पण ही शांत. म्हणाली, "मिळतील. नाही मिळाल्या तर नाही मिळाल्या."

ट्रकवाल्याच्या पावतीवर एकसष्टचा आकडा आहे आणि खाली सही हिची. मी त्या वेळी घराच्या किल्ल्या परत द्यायला गेलो होतो. मी म्हटलं, "अगं, सही करताना आकडा तरी बघायचा!" तर म्हणाली, "घाई होती हो. ताई पण तेव्हाच आली होती भेटायला." ताई म्हणजे माझी मोठी मेव्हणी. मी परत येत होतो तेव्हा तिची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळताना दिसली. मी हात केला, पण तिने काही बघितलं नाही. नेहमी अर्धा तास निरोप घेणारी बाई, त्या दिवशी मला न भेटताच गेली. वाईट वाटलं असेल बिचारीला.

वाहतूक कंपनीला तक्रार लिहिली. दोन पानं, यादीसकट.

१४ सप्टेंबर, गुरुवार

इथलं स्टोअर म्हणजे आनंद आहे. बेअरिंगशेजारी चहाचे कप, ग्रीसच्या डब्यावर कुणाचा तरी मफलर. कुठल्याच मांडणीवर ना नंबर, ना चिठ्ठी. सगळी भिस्त वस्तादांवर. वस्ताद म्हणजे इथले जुने मेकॅनिक, तीस वर्षं याच रोपवेवर. त्यांना विचारलं चाकाचं रबर कुठे असतं, तर म्हणाले, "तिथं." कुठे तिथं? "तिथं हो, जिथं असतं तिथं."

मी कामाला लागलोय. मांडण्यांना अक्षरं, कप्प्यांना आकडे.

घरी अजून तेवीस पेट्या बंद आहेत. मी म्हटलं उघडूया, तर ही म्हणते लागेल तसं काढू. स्वयंपाकाची भांडी चारच काढली आहेत. रोज तीच चार घासते आणि तीच वापरते.

२५ सप्टेंबर, सोमवार

ठमी खूश दिसते. शाळा चालत सात मिनिटांवर, स्वतःची खोली, खिडकीतून ट्रॉल्या वरखाली जाताना दिसतात. काल तिने भिंतीवर चिकटवायला काहीतरी हवं म्हणून माझा तक्ता मागितला. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, आईचा रकाना कुठाय?"

मी म्हटलं, "अगं, हा कुटुंबाचाच तक्ता आहे. त्यात आई आलीच."

"मग नोकरीचा रकाना कुणाचा?"

"नोकरीचा."

"कुणाच्या नोकरीचा?"

हल्ली पोरं नसत्या शंका काढतात. ही तिथेच कपडे घडी करत होती, तिने वर बघितलं नाही. ठमीने तक्ता काही भिंतीवर लावला नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

स्टोअर पूर्ण झालं! चारशे बारा वस्तू, अ पासून ऊ पर्यंत मांडण्या, दाराजवळ मोठी यादी. साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं. म्हणाले, असंच चाललं तर तुम्हाला कायम करू. अर्ज पंधरा नोव्हेंबरपर्यंत द्यायचा आहे. त्यात लिहून द्यावं लागतं की तीन वर्षं गाव सोडणार नाही. घरी सांगितलं, मी हो म्हणून टाकतो. ही म्हणाली, "बघा तुम्ही." तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण काय ते मला काही उमगलं नाही. सर्दी असेल.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सकाळी वरच्या खांबावरच्या चाकाचं रबर फाटलं. नऊ ट्रॉल्यांत माणसं. वस्ताद धावत स्टोअरमध्ये आले, थेट कोपऱ्यात गेले आणि तिथे हात घातला. तिथे आता झाडू आणि बादल्या. मी ओरडलो, "उ-दोन-चौदा!" ते नुसते बघत राहिले. मी यादीकडे धावलो, ते मांडणीकडे धावले, दोघं एकमेकांवर आपटलो. रबर मिळेपर्यंत बारा मिनिटं गेली. माणसं चाळीस मिनिटं हवेत लटकली होती, त्यातली ही बारा माझ्या नावावर. कुणाला काही झालं नाही. एका बाईंनी उतरल्यावर मात्र सगळ्या स्टाफला फैलावर घेतलं.

नंतर वस्ताद हात पुसत आले. मला वाटलं आता शिव्या घालणार. पण नाही. म्हणाले, "तुमचं काम स्वच्छ आहे. पण सामान कुठं असतं ते माझ्या पायांना माहीत होतं. हलवण्याआधी विचारलं होतंत का कुणाला?"

विचारायचं काय त्यात? चांगल्यासाठीच केलं होतं. दुपारपासून पोरं मला उ-दोन म्हणायला लागली आहेत.

१६ ऑक्टोबर, सोमवार

खाली घरमालकीण आजी राहतात. रविवारी त्यांची वरची कवळी धुताना बेसिनमध्ये पडली आणि मधोमध दोन तुकडे झाले. तोंडावर हात धरून वर आल्या आणि काहीतरी सांगू लागल्या. मला एक अक्षर कळेना, हिला मात्र सगळं कळलं. इथे दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत, पण कवळीचं काम शहरात पाठवतात आणि यायला तीन आठवडे लागतात. तोवर आजींनी दुधात पाव बुडवून खायचा.

हिने ते दोन तुकडे हातात घेतले. खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघितले. किती दिवसांनी तिचा चेहरा असा दिसला. म्हणाली, "हे दीड तासाचं काम आहे, आजी."

मी म्हटलं, "पण हत्यारं कुठायत? त्या चोरांनी नेली ना! बघ, आत्ता असती तर?"

तिचा चेहरा एकदम उतरला. तुकडे रुमालात बांधून तिने आजींना परत दिले. मी कंपनीला तिसरं स्मरणपत्र पाठवलं, कडक शब्दांत. आपल्या माणसासाठी एवढं तरी करायला हवं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

डोकं चक्रावलंय. काल संध्याकाळी घरी गेलो तर आजी जिन्यात उभ्या राहून सफरचंद खात होत्या. मला बघून दात दाखवले, सगळेच्या सगळे. ही दुपारी त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकवर गेली होती. तिथे मागच्या खोलीत एक जुनी पॉलिशची मोटर धूळ खात पडली होती, कपाटात थोडी पावडर आणि द्राव होता. हिने तुकडे मेणाने जोडले, खाली प्लास्टर ओतलं, फट भरली, घासून गुळगुळीत केलं. सुरी नव्हती तर बटर लावायची सुरी घासून घेतली.

तिच्या बोटांना त्या द्रावाचा वास येत होता. शहरात रोज यायचा, तेव्हा मी नाक मुरडायचो. काल जेवताना तो वास आला आणि मला का कोण जाणे एकदम बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी हिला मागची खोली देऊ केली आहे. आसपासच्या पाच गावांच्या कवळ्या इथेच होतील म्हणाल्या. मी तर उडालोच. म्हटलं, "मग प्रश्नच मिटला!"

ही म्हणाली, "कुठला प्रश्न?"

खरंच, कुठला? आम्हाला प्रश्न होता हे मला कुठे माहीत होतं?

डॉक्टरीणबाईंना तिने अजून हो म्हटलेलं नाही. बघू म्हणाली. बटर लावायच्या सुरीवर किती दिवस काम करणार म्हणा.

२८ ऑक्टोबर, शनिवार

शेवटी कंपनीला जाग आली! काल त्यांच्या कारकुनाचा फोन. चौकशी लावली आहे, आणि ती संपेपर्यंत त्या ड्रायव्हरला गाडीवर घेणार नाहीत. जेवताना मी ही बातमी दिली. मला वाटलं हिला बरं वाटेल.

हिचा हात ताटातच थांबला. "त्याला घरी बसवलंय?"

"मग काय हार घालायचे?"

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"तो चांगला होता हो," ही म्हणाली. "ठमीची सायकल त्याने स्वतःच्या सीटमागे ठेवली होती, ओरखडे नकोत म्हणून."

"चोर गोडच बोलतात," मी म्हटलं.

ठमी आईकडे बघत होती. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही पेट्या बांधता ना, तेव्हा कुणाचं काही ऐकत नाही." विषय काय, ही बोलते काय!

जेवण अर्धवट टाकून ही गॅलरीत गेली आणि ताईला फोन लावला. दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, ती जास्त बोलत नव्हती, नुसती मान हलवत होती. बहिणीची आठवण येणारच. पुढच्या सुट्टीत ताईला इकडे बोलवायला हवं.

१ नोव्हेंबर, बुधवार

हिचं काही कळत नाही. काल माझी सुट्टी, तर सकाळी उठून बघतो, हिने राहिलेल्या तेवीस पेट्या एकटीनेच उघडायला घेतल्या होत्या. सगळी भांडी मांडली, पडदे लावले. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू दे, मला कळू दे कुठे काय ठेवायचं." मी बाजूला झालो. घर बरं दिसतंय. पण ती आनंदात आहे की रागात, ते मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही. दोनदा काहीतरी बोलायला म्हणून माझ्यासमोर येऊन बसली, आणि दोन्ही वेळा चहा करते म्हणून उठली. काल पाच वेळा चहा झाला.

९ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी पुन्हा स्टोअरमध्ये येऊन बसलोय. नीट लिहायला हवं, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

गावात पार्सलची गाडी आमच्या उतारावरच्या गल्लीत चढत नाही. सगळ्या घरांची पार्सलं रोपवेच्या खालच्या स्टेशनावर उतरतात, आणि आलेला माल उतरवून घ्यायचं काम स्टोअरचं, म्हणजे माझं. आज सकाळी अकराला गाडी आली. पार्सलवाल्याने तीन पेट्या उतरवल्या आणि म्हणाला, "तुमच्याच घरच्या दिसतायत."

सतरा. अठरा. एक्केचाळीस. माझंच अक्षर, माझीच चिकटपट्टी, कुठे उचकटलेली नाही.

पहिल्यांदा वाटलं, घाबरले! तक्रारीला घाबरून पाठवल्या! मग पावती बघितली. कंपनी वेगळीच. पाठवणाऱ्याच्या जागी मेव्हणीचं नाव, तिच्याच हातचं, नेहमीसारखं उताराला लागलेलं. पाठवल्याची तारीख तीस ऑक्टोबर.

मी वस्तादांच्या स्टुलावर बसलो. गल्लीच्या तोंडाशी वळणारी तिची गाडी आठवली. न भेटता का गेली, ते आत्ता कळलं. सही करताना हिने आकडा नीट बघितला होता. ड्रायव्हरने बरोबर मोजलं होतं. आणि मी त्याला चोर म्हणत होतो, दोन महिने, सगळ्यांसमोर.

पार्सलवाला सहीसाठी थांबला होता. "कमी आहे का काही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, बरोबर आहेत.

वस्तादांची हातगाडी घेऊन पेट्या घरी नेल्या. ही क्लिनिकवर गेलेली होती, हो म्हटलं नसलं तरी हल्ली अधूनमधून जाते. दुपारी आली तेव्हा मी हॉलमध्ये बसलो होतो आणि पेट्या समोर. दारातच थांबली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"मी आज सांगणारच होते," म्हणाली.

मी म्हटलं, "परत जायचं होतं का तुला?"

"नाही हो." मग खाली बसली, पेटीला टेकून. "जायचं म्हणून नाही ठेवल्या. जाता येईल म्हणून ठेवल्या. तुम्ही सगळं बांधलंत. चमचासुद्धा मागे ठेवला नाहीत. मला वाटलं, माझं म्हणून काहीतरी तिथे असू दे." आणि रडायला लागली. "त्या माणसाला घरी बसवलं माझ्यामुळे. त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. धीर नाही झाला. तुम्ही कंपनीला लिहा खरं काय ते. माझं नाव घालून लिहा."

मला राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. मला फक्त एवढंच कळेना की पेट्या तिने कशामुळे मागवल्या, ड्रायव्हरमुळे की मागच्या खोलीमुळे. अजूनही कळलेलं नाही. विचारणार होतो, पण ठमी शाळेतून आली, पेट्या बघितल्या आणि दप्तर टाकून आईच्या गळ्यात पडली. तिला माहीत होतं. ताईच्या गाडीत पेट्या ठेवायला तिनेच मदत केली होती म्हणे. म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

११ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीला पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथे ठेवतो.

"महाशय, आमच्या सामानाबाबतची तक्रार मी मागे घेत आहे. तुमच्या ड्रायव्हरने घेतलेल्या पेट्या एकसष्टच होत्या आणि त्या सर्व सुखरूप पोहोचल्या. मोजणीत चूक माझी झाली. त्यांना त्वरित कामावर घ्यावे व माझ्यातर्फे त्यांची क्षमा मागावी. सामान त्यांनी फार जपून आणले होते."

काल कारकुनाला फोनवरही हेच सांगून टाकलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही तर म्हणायचात बावीस वर्षांत मोजणी चुकली नाही." मी म्हटलं, "आता चुकली."

रात्री पत्र हिला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं. "यात माझं नाव नाही," म्हणाली. मी म्हटलं, नाही. तिने ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "मी टाकते. क्लिनिकच्या रस्त्यावरच पोस्टाची पेटी आहे."

मग मी कायम होण्याचा अर्ज काढला. साहेबांना बुधवारी द्यायचा आहे. भरायला घेतला आणि पेन तसंच राहिलं. मी तिला म्हटलं, "आपण इथे राहायचं का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

"हे तुम्ही मला पहिल्यांदा विचारताय," ती म्हणाली.

असं कसं होईल? सहा महिने तक्ता केला, एवढं बोललो, एवढं दाखवलं. विचारलं नसेन असं होणारच नाही. आज स्टोअरमध्ये आल्या आल्या ही वही पहिल्या पानापासून वाचली, एकेक ओळीवर बोट ठेवून. तिला दाखवलं, असं लिहिलंय. सांगितलं, असं लिहिलंय. मी हो म्हणून टाकतो, असंही लिहिलंय. विचारलं, असं कुठेच नाही. दोनदा तपासलं.

तिने उत्तर दिलेलं नाही. सोमवारी सांगते म्हणाली.

१३ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज कोराच आहे. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय. वस्तादांनी तीन वेळा विचारलं, काय उ-दोन, तब्येत बरी आहे ना. तिने नाही म्हटलं तर काय करायचं, हे मी ठरवून ठेवलंय. परत जायचं. पेट्या पुन्हा मी बांधेन, पण या वेळी ती सांगेल तशा.

साडेतीन वाजले. ही आत्ता स्टोअरच्या दारात आली होती, अंगावर क्लिनिकचा ॲप्रन, बोटांना साच्याचं पांढरं प्लास्टर लागलेलं. आत येऊन मांडण्यांवरची अक्षरं वाचत हिंडली आणि हसली. मग म्हणाली, "सतरा नंबरची पेटी आणायला हातगाडी लागेल. आणि अठराची. मागच्या खोलीत न्यायच्यात."

मी म्हटलं, "म्हणजे हो का?"

"हो."

"आणि एक्केचाळीस?"

"ती घरी राहू दे," ती म्हणाली. "फोटो कुठे लावायचे ते मी बघते."